‘बॉयलर बंद पडतो’ : एका तक्रारवाक्याचा तांत्रिक अर्थ

उत्तर आयर्लंडमधील सुमारे दोन-तृतीयांश घरे आणि अमेरिकेच्या मेन राज्यातील सुमारे निम्मी घरे हिवाळ्यात तेल जाळून उबदार ठेवली जातात. घराबाहेर तेलाची टाकी, तिच्यापासून निघालेली बारीक नळी, नळीच्या टोकाशी बर्नर, बर्नरच्या ज्योतीने तापणारे पाणी, आणि ते पाणी खोल्याखोल्यांतील रेडिएटरांतून फिरविणारा पंप, असा हा सरंजाम असतो. तो चालू असेपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तो थांबला म्हणजे मात्र काही तासांतच घराचा प्रश्न गंभीर होतो. डिसेंबर २०१० मध्ये उत्तर आयर्लंडमधील कॅसलडर्ग येथे तापमान उणे १८.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अशा थंडीत ऊब नसलेल्या घरातील नळ्यांत पाणी गोठते, नळ्या फुटतात, आणि वृद्धांच्या व तान्ह्या मुलांच्या जिवावर बेतू शकते. यास्तव ‘बॉयलर सारखा बंद पडतो’ ही तक्रार किरकोळ मानण्याजोगी नाही. तथापि दुरुस्तीची निम्मी वाट या वाक्याच्या अर्थनिश्चितीतच चालून होते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

मराठीत ‘बंद होणे’ आणि ‘बंद पडणे’ यांत भेद आहे. दुकान रात्री आठला बंद होते; धंदा खोटीत गेल्याने दुकान बंद पडते. पहिल्या प्रयोगात नियत क्रमाची समाप्ती आहे, दुसऱ्यात अनिष्ट आणि अनपेक्षित खंड आहे. बॉयलरच्या बाबतीत हा भेद फार उपयोगाचा ठरतो. कारण बॉयलर दिवसातून अनेक वेळा ‘बंद होतो’, आणि तसे होणे हेच त्याचे निरोगी वर्तन आहे. पाणी ठरविलेल्या तापमानाला पोचले की थर्मोस्टॅट बर्नरला थांबवितो, पाणी निवले की पुन्हा चालू करतो. याहून वेगळी अशी तिसरी अवस्था असते, तिला या व्यवसायात ‘लॉकआउट’ म्हणतात. मराठी वाचकास हा शब्द मुंबईच्या गिरण्यांमुळे परिचित आहे आणि त्याचा ‘टाळेबंदी’ हा पर्यायही रूढ आहे. तोच पर्याय येथे नेमका लागू पडतो. टाळेबंदीत गिरणीची यंत्रे मोडलेली नसतात. मालकाच्या हुकुमाने दाराला कुलूप लागलेले असते आणि ते उघडावयास कोणाचा तरी हात लागतो. बॉयलरमध्येही बर्नरवरील नियंत्रक धोका ओळखून स्वतःस कुलूप लावून घेतो, लाल दिवा लावतो, आणि कोणी बटण दाबीपर्यंत स्वस्थ बसतो. ‘बंद पडला’ या शब्दप्रयोगात यंत्राचे असामर्थ्य सूचित होते. वस्तुतः या प्रसंगी यंत्राने आपले काम चोख बजावलेले असते.

‘बॉयलर’ हा शब्दही काहीसा फसवा आहे. अमेरिकेतील वाफेवर चालणाऱ्या जुन्या घरगुती यंत्रणा वगळल्यास आजच्या घरगुती बॉयलरात पाणी उकळत नाही, आणि उकळू लागले तर ते बिघाडाचे लक्षण समजावे. ‘बाष्पक’ हा शासकीय पर्याय साखर कारखान्यातील यंत्रास शोभतो. या यंत्राचे खरे नाते न्हाणीघरातील तांब्याच्या बंबाशी आहे. बंबात मध्यभागी जाळ आणि भोवती पाणी असते, येथेही तेच. फरक इतकाच की बंबातील जाळ घरचे माणूस डोळ्यांनी पाहत असे, आणि येथे ते पाहण्याचे काम एका लहानशा प्रकाशग्राही घटकावर सोपविलेले आहे. पुढील सर्व विवेचन या एका फरकाभोवती फिरते.

बर्नरचा क्रम असा असतो. थर्मोस्टॅटकडून मागणी आली की मोटर फिरू लागते. तिच्या एकाच आसावर हवेचा पंखा आणि तेलाचा पंप हे दोन्ही बसविलेले असतात. ब्रिटिश-युरोपीय पद्धतीच्या बर्नरांत प्रथम दहापंधरा सेकंद नुसता पंखा चालतो व ज्वलनकक्षातील जुने वायू बाहेर घालवितो. याच अवधीत दोन इलेक्ट्रोडांमध्ये दहा हजार व्होल्टच्या घरातील ठिणगी सुरू असते. नंतर विद्युत्‌चुंबकीय झडप उघडते, सात ते दहा बार दाबाखालचे तेल नॉझलच्या अतिसूक्ष्म छिद्रातून तुषाररूपाने बाहेर पडते आणि ठिणगीवर पेट घेते. रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह ज्यांनी पेटविला आहे त्यांस यातील बरेचसे ओळखीचे वाटेल. तेथेही दाब होता, बारीक छिद्र होते, ते तुंबले की पिन मारावी लागे. परंतु स्टोव्हमध्ये काकड्याने तापविलेल्या नळीत तेलाची वाफ होऊन ती वाफ जळत असे. येथे द्रवाचेच तुषार जळतात, आणि या नॉझलला पिन कधीही मारावयाची नसते. त्याच्या आतील तिरप्या खाचा तेलाला गरगर फिरवून बाहेर टाकतात. त्या खाचांवर ओरखडा गेला तर ज्योत एका अंगाला कलते. नॉझल बदलतात, साफ करीत नाहीत.

ज्योत पेटली की नाही हे पाहण्यास बर्नरच्या नळीत फोटोसेल असतो. बहुसंख्य घरगुती बर्नरांत तो कॅडमियम सल्फाइडचा असे वा आहे. अंधारात त्याचा विद्युत्‌रोध फार मोठा असतो. ज्योतीच्या प्रकाशात तो काहीशे ओहमांपर्यंत उतरतो. झडप उघडल्यापासून ठराविक सुरक्षा-अवधीत नियंत्रकास हा उतार दिसला नाही तर टाळेबंदी होते. ब्रिटनमधील लहान बर्नरांत हा अवधी साधारणतः १० सेकंदांचा, अमेरिकेतील जुन्या नियंत्रकांत ४५ सेकंदांचा आणि नव्यांत १५ सेकंदांचा असतो. उलटपक्षी झडप उघडण्यापूर्वीच फोटोसेलला प्रकाश दिसला, तरीही अनेक नियंत्रक पुढे जात नाहीत, कारण ज्योत नको तेव्हा ज्योत असणे हेही तितकेच भयावह आहे. म्हणजे नियंत्रकाला ज्योत कळत नाही, प्रकाश कळतो. तो चिन्ह वाचतो, वस्तू नव्हे. चिन्ह आणि वस्तू यांची फारकत झाली की टाळेबंदी अकारण वाटू लागते.

तक्रारीचा अर्थ ठरविण्यास आता साधन मिळाले. बर्नरवर लाल दिवा असेल तर टाळेबंदी. लाल दिवा नसून बॉयलरच्या दर्शनी फळीवरील अतितापरोधकाचे बटण उडालेले असेल तर पाणी प्रमाणाबाहेर तापले होते, आणि दोष बहुधा बर्नरचा नसून पाण्याच्या अभिसरणाचा आहे. यांपैकी काहीच नसेल तर घड्याळ, खोलीतील थर्मोस्टॅट आणि वीजपुरवठा पाहावा. कित्येकदा यंत्राची कसलीही चूक नसते. दर दोन-तीन मिनिटांनी आपोआप थांबणारा आणि आपोआप चालू होणारा बॉयलर हा आणखी वेगळा प्रकार होय. त्यात कुलूप नाही. बॉयलर घराच्या मानाने मोठा आहे, अथवा पाणी पुरेसे फिरत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

लाल दिव्याजवळच्या बटणाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण या विषयातील खरा धोका तेथे आहे. बटण दाबले की क्रम पुन्हा पहिल्यापासून चालतो, आणि कधी कधी बॉयलर पेटतोही. त्यामुळे ते बटण हाच उपाय अशी समजूत होते. परंतु प्रत्येक अयशस्वी प्रयत्नात सुरक्षा-अवधी संपेपर्यंत तेल कक्षात पडत असते. ताशी अर्धा अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे १.९ लीटर तेल सोडणारे नॉझल घेतले तर १० सेकंदांत साधारण ५ मिलिलीटर आणि ४५ सेकंदांत साधारण २४ मिलिलीटर तेल न जळता आत साचते. जुन्या अमेरिकन नियंत्रकाचे बटण कोणी थंडीने कासावीस होऊन दहा वेळा दाबले, तर कक्षात जवळजवळ पाव लीटर तेल जमा होईल. अकराव्या वेळी ठिणगी पडली की हे सर्व तेल व त्याची वाफ एकदम पेटते. अमेरिकेत या प्रकाराला ‘पफबॅक’ असे काहीसे खेळकर नाव आहे. प्रत्यक्षात बॉयलरचे दार उडणे, धुराड्याची नळी निसटणे, साऱ्या घरावर काजळीचा थर बसणे आणि प्रसंगी आग लागणे असे त्याचे स्वरूप असते. नव्या अमेरिकन नियंत्रकांत लागोपाठ तीन टाळेबंद्या झाल्यास साध्या दाबाने बटण काम करीत नाही, आणि ही तरतूद गिऱ्हाइकास जाचक वाटली तरी ती योग्यच म्हणावी लागते. घरच्या माणसाने बटण एकदा दाबावे. पुन्हा टाळेबंदी झाली तर दाबू नये, आणि तंत्रज्ञ आल्यावर प्रथम हे सांगावे की बटण किती वेळा दाबले गेले. ही संख्या लपविण्याकडे माणसाचा कल असतो. ती लपविल्यास पुढचा धोका तंत्रज्ञाच्या वाट्याला येतो.

टाळेबंदीचे कारण शोधताना ‘काय झाले’ यापेक्षा ‘केव्हा झाले’ हा प्रश्न अधिक फलदायी होतो. मोटर मुळीच फिरली नाही, किंवा नुसती घुमली, तर दोष मोटरमध्ये, तिच्या कपॅसिटरमध्ये किंवा अडकलेल्या पंपात शोधावा. मोटर फिरली, पण ज्योत आलीच नाही, तर दोनच शक्यता उरतात : तेल आले नाही, किंवा ठिणगी आली नाही. यांचा निवाडा बाहेरूनही पुष्कळ अंशी होतो. टाळेबंदीनंतर धुराड्यातून पांढरे धुके व कच्च्या तेलाचा वास आला, तर तेल पोचले आहे, ठिणगी चुकली आहे; काहीच आले नाही, तर तेलच पोचलेले नाही. ज्योत पेटली, आवाज स्वच्छ आला, आणि तरीही बरोबर सुरक्षा-अवधीच्या अखेरीस टाळेबंदी झाली, तर फोटोसेल आंधळा झाला आहे. त्याच्या काचेवर काजळी बसलेली असते. ती मऊ फडक्याने पुसल्याने काम भागले तरी काजळी आली कोठून हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर हवेच्या प्रमाणात किंवा नॉझलमध्ये सापडते. ज्योत पेटून अर्धा-पाऊण तास चांगली चालली आणि मग विझली, तर बहुतेक नियंत्रक एकदा आपण होऊन पुन्हा प्रयत्न करतात आणि मगच कुलूप लावतात. तेव्हा लाल दिवा दिसेपर्यंत मूळ घटना होऊन गेलेली असते, आणि ती कोणी पाहिलेली नसते. अशा वेळी तेलाच्या मार्गाविषयी संशय घ्यावा.

तेलाचा मार्ग हा या विषयातील सर्वांत समृद्ध भाग होय. टाकीत तेल आहे की नाही, हे पाहणे हास्यास्पद वाटेल. पण तरंगणाऱ्या दर्शकावर विश्वास ठेवून रिकाम्या टाकीशी झगडल्याची उदाहरणे थोडी नाहीत. तेल संपल्यावर नवे भरले तरी नळीत शिरलेली हवा पंपातून काढून टाकीपर्यंत बर्नर पेटत नाही. तेल ओतताना तळचा गाळ ढवळला जातो, म्हणून भरल्यावर काही काळ बॉयलर बंद ठेवण्याचा प्रघात आहे, आणि तो सकारण आहे. पाणी रॉकेलहून जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी बसते. पावसाचे किंवा टाकीतल्या दमटपणाचे असे पाणी वर्षानुवर्षे थोडेथोडे साचते. बाहेर जाणारी नळी तळाजवळ असली की एके दिवशी ते पाणीच बर्नरकडे निघते. ज्योत फडफडते, तडतडते आणि विझते. काठीच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावून ती टाकीच्या तळाशी टेकविली की रंग बदलून पाण्याची पातळी कळते. कडक थंडीत हेच पाणी गाळणीच्या पेल्यात गोठून वाट बंद करते. रॉकेल मात्र अशा थंडीतही प्रवाही राहते. अमेरिकेत जाळले जाणारे जड तेल शून्याखाली काही अंशांवरच गढूळ होऊ लागते व त्यातील मेण गाळणीत अडकते. ब्रिटनमध्ये या तेलांना ‘२८ सेकंदी’ आणि ‘३५ सेकंदी’ अशी नावे आहेत. ती ऐकून काही जण ज्वलनाच्या कालावधीची कल्पना करतात. वस्तुतः ५० मिलिलीटर तेल रेडवुडच्या विष्यंदितामापकातून १०० अंश फॅरेनहाइटला वाहून जाण्यास लागणारे ते सेकंद आहेत, म्हणजे नावातच तेलाचा दाटपणा नोंदविलेला आहे.

टाकीनंतर गाळणी, गाळणीनंतर आगरोधक झडप. या झडपेचा उष्णतासंवेदक बर्नरजवळ बसविलेला असतो आणि आग लागल्यास तो घराबाहेरच तेल तोडतो. संवेदकाची बारीक नळी चेपली अथवा फुटली तर झडप मिटून राहते, आणि भरलेल्या टाकीशेजारी बॉयलर उपाशी राहतो. नळीच्या जोडांतून हवा शिरणे हा आणखी चिवट दोष. पंप तेल ओढीत असता नळीत वातावरणापेक्षा कमी दाब असतो. त्यामुळे सैल जोडातून तेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. जमिनीवर डाग नाही म्हणून गळती नाही, हा निष्कर्ष येथे चुकतो. टाकी बॉयलरच्या खालच्या पातळीवर असेल तर हे विशेष घडते. टाकी उंचावर असून पातळी उतरली की मगच त्रास सुरू होतो आणि तेल भरले की थांबतो, असेही अनेक घरांत दिसते. तेथे गाळणी अर्धवट तुंबलेली असते आणि भरलेल्या टाकीतील स्तंभाचा दाब तिची उणीव भरून काढीत असतो. गिऱ्हाइकाला वाटते, नवे तेल चांगले होते. वास्तविक तेल तेच असते.

ठिणगीचे दोष त्यामानाने मोजके. इलेक्ट्रोडांमधील अंतर तीन-चार मिलिमीटरच्या आसपास असावे लागते. टोके झिजली की ते वाढते. चिनी मातीच्या आवरणाला तडा गेला तर ठिणगी भलतीकडेच पडते. ट्रान्सफॉर्मर थकला असेल तर दुपारी पेटणारा बर्नर पहाटे पेटत नाही, कारण थंड तेल दाट असते, त्याचे थेंब मोठे होतात आणि मोठा थेंब उशिरा पेटतो. येथे एक विरोधाभास आहे. तेल दाट झाले की नॉझलमधून ते कमी यावे अशी अपेक्षा असते. परंतु दाट तेल खाचांतून तितक्या जोराने गरगरत नाही, छिद्राच्या मध्यावरील हवेचा गाभा लहान होतो, आणि प्रवाह उलट वाढतो. म्हणून पहाटेची ज्योत पेटण्यास अवघड आणि पेटल्यास धुरकट, असे दुहेरी दुःख होते. फक्त वादळी रात्री होणारी टाळेबंदी धुराड्याकडे बोट दाखविते. २००७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये नव्या तेल-बॉयलरांसाठी सक्तीच्या झालेल्या संघनक पद्धतीत ज्वलनवायूंतील पाणी एका नळीने बाहेर सोडावे लागते. ती नळी उघड्यावर गोठली की बॉयलर थांबतो. हा दोष फक्त हिमकालात उद्भवतो आणि उन्हाबरोबर नाहीसा होतो, म्हणून तो तंत्रज्ञाला क्वचितच दिसतो.

अतितापाविषयी फार लिहिण्याजोगे नाही. पंप अडकला, नळ्यांत हवा वा गाळ साचला, अथवा बंद पद्धतीच्या यंत्रणेत थंड अवस्थेतील दाब साधारण एक बारच्या खाली गेला, म्हणजे उष्णता बॉयलरातच कोंडते आणि रोधकाचे बटण उडते. ते थंड झाल्यावर एकदा दाबता येते. पुन्हा उडाले तर बर्नरच्या तंत्रज्ञाऐवजी पाण्याच्या अभिसरणाकडे लक्ष द्यावे.

घरच्या माणसाची मर्यादा स्पष्ट आहे. टाकीची पातळी, झडपांची स्थिती, घड्याळ, वीज, दाबमापक आणि बाहेरची नळी गोठली आहे काय, एवढे त्याने पाहावे. बर्नर उघडू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. काजळी दिसत असेल, डोके जड होत असेल किंवा त्या वायूचा घंटादर्शक वाजला असेल, तर निदानाचा विचार बाजूस ठेवून बॉयलर बंद करावा, बाहेर पडावे आणि मदत मागवावी.

दूरध्वनीवर तक्रार नोंदविताना मात्र त्याला पुष्कळ करता येते. बेलफास्ट किंवा बॉस्टनजवळ राहणाऱ्या मराठी कुटुंबातही घरात ‘बंद पडला’ आणि बाहेर त्याचे इंग्रजी भाषांतर एवढ्यावरच काम भागविले जाते, व तंत्रज्ञ सवयीने नॉझल बदलून जातो. त्याऐवजी एवढे सांगावे : दिवा लाल होता की नव्हता, मोटर फिरली काय, ज्योतीचा आवाज आला काय, आणि आला तर किती सेकंदांनी थांबला, धुराड्यातून पांढरे धुके आले की काळा धूर, घटना कोणत्या वेळी, कोणत्या हवेत, टाकी किती भरलेली असता झाली, तेल शेवटी केव्हा भरले, आणि बटण किती वेळा दाबले. एका कागदावर तारीखवार अशी नोंद आठवडाभर ठेवली, तर अधूनमधून होणारा दोषही बहुधा आपला क्रम उघड करतो. दुरुस्तीनंतर तंत्रज्ञाने पंपाचा दाब मोजला काय, आणि ज्वलनवायूंची तपासणी करून आकडे लिहून दिले काय, हेही विचारावे; ते आकडे पुढील वर्षीच्या तपासणीशी ताडून पाहण्यासाठी त्याच कागदाखाली जपून ठेवावेत.